काकूंची थ्री नॉट थ्री

काकूंच्या रायफलीचं लाकूड मी होळीत जाळलं.

अक्रोडाचं होतं. जुनं, तेल पाजलेलं. फार छान जळलं. अॅरिझोनातल्या चँडलरला आमच्या मागच्या अंगणात दर वर्षी काही मराठी कुटुंबं होळीला जमतात आणि लाकडं गोळा करायचं काम माझ्याकडे असतं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नाही असा सगळ्यांचा समज होता. काकूंनी फोनवर सांगितलं होतं, आमच्या गराजच्या कोपऱ्यात मोडकी खुर्ची पडलीय, ती घेऊन जा. मी खुर्ची घेतली. शेजारी सुती साडीच्या फडक्यात गुंडाळलेली एक लांब दांडी होती. तिला आतून खोबणी होती. मला वाटलं, पडद्याची असेल. मदत करायची तर पुरती करावी, म्हणून तीही घेतली.

संध्याकाळी काकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या. होळीला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "जवसाच्या तेलाचा वास कुठून येतोय?"

मग त्यांनी वाकून जाळात नीट पाहिलं. होळीपुढे बोंब मारायची आपल्यात पद्धत आहे. काकूंनी मारली नाही. एवढंच म्हणाल्या, "नळी शाबूत आहे," आणि पोळ्यांवर तूप वाढायला लागल्या.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. काकू आमच्याच गल्लीतल्या, मूळच्या अमरावतीच्या, इथे दातांच्या डॉक्टर. अर्ध्या चँडलरच्या दाढा त्यांनी काढलेल्या, माझ्या दोन. रिटायर झाल्यावर एका शेजाऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथे त्या गेल्या. बाकीच्या बायका काचेची भांडी बघत होत्या. काकू एका रायफलीपाशी उभ्या राहिल्या, पर्समधून टेप काढली, नळी मोजली आणि ती विकत घेतली.

थ्री नॉट थ्री तुम्हीही पाहिली असेल, बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्यावर. बुडापासून तोंडापर्यंत लाकूड चढवलेली, अंगभर कपडे घातल्यासारखी. दुसरं महायुद्ध संपल्यावर अशा हजारो रायफली इथे स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांना त्या जड वाटायच्या, म्हणून ते पुढचं लाकूड करवतीनं उडवायचे, वरचं झाकण फेकून द्यायचे आणि तोंडाशी असलेली लोखंडी टोपी काढून टाकायचे. इथे याला स्पोर्टर करणं म्हणतात. काकू मुंडण म्हणायच्या; त्यांच्या रायफलीचं तेच झालेलं होतं. एकदा नळीच कापली की काही करता येत नाही. पण ती पूर्ण लांबीची असली, तर गेलेलं सगळं शोधून परत बसवता येतं. म्हणून काकू आधी नळी बघायच्या.

पुढे पुढे त्या माणसांचीही बघायला लागल्या. माझी नोकरी गेली तेव्हा मसालेभात घेऊन आल्या. घर आहे का, तब्येत आहे का, बायको बोलते का, एवढं विचारलं. बायको बोलते, तेच बोलते, असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, "मग नळी शाबूत आहे. बाकी मिळतं शोधून."

काकांचं मात्र या प्रकाराशी काही देणंघेणं नव्हतं. ते रायफलीला "ती वस्तू" म्हणायचे. ती वस्तू सोफ्यावरून उचल, पाहुणे येताहेत. खंडेनवमीला ते गाडीची किल्ली, पाना आणि प्रेशर कुकर पूजेत मांडायचे आणि दर वर्षी सौजन्यानं विचारायचे, ती वस्तू ठेवायची का. काकू म्हणायच्या, पुरी झाली की ठेवू.

ती पुरी का व्हायला हवी होती, हे त्यांनी मला होळीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी माफी मागायला गेलो होतो. त्या गराजमध्ये स्टुलावर बसून डाव्या हातानं उजवा खांदा चोळत होत्या.

कॉलेजात काकू एन.सी.सी.च्या कॅडेट होत्या. परेडला मुलींच्या हातातही थ्री नॉट थ्री असायची; सावधान, विश्राम, बाजू शस्त्र, सगळं त्याच रायफलीवर. गोळी झाडायची वेळ आली की मुलींना छोटी टू-टू रायफल द्यायचे आणि थ्री नॉट थ्री मुलं चालवायची. टू-टूवर काकूंचा नेम सगळ्या मुलांपेक्षा सरस होता, म्हणून त्या शिकवणाऱ्या उस्तादांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला ती द्या. उस्ताद भला माणूस होता. तो म्हणाला, बेटा, खांदा मोडेल.

"मग चाळीस वर्षं लोकांचे दात काढले," काकू म्हणाल्या. "खांदा तसाही गेला."

जूनमध्ये त्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नवा सांधा बसणार होता आणि त्यानंतर रायफलीचा धक्का त्याला कधीही चालणार नव्हता. खरं तर आताही चालणार नाही असं सर्जन म्हणाला होता, पण काकूंनी ते ऐकलं नव्हतं. मुंडण केलेलीच चालवा की, असं मी सुचवलं. नळी तर तीच आहे. त्यांनी माझ्याकडे, मी दात न घासता आल्यासारखं पाहिलं.

"जी द्यायला मला नाही म्हणाले होते ती ही नव्हे. ती पूर्ण होती."

म्हणजे मी काय जाळलं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. ते लाकूड मिळायला त्यांना दोन वर्षं लागली होती, आणि जून तीन महिन्यांवर आला होता.

मी पेटून उठलो. इंटरनेटवर रात्रंदिवस शोधलं आणि आठवड्यात दुसरं लाकूड मागवलं. काकूंनी ते रायफलीला लावून पाहिलं आणि खाली ठेवलं. नावं सारखी असली तरी ते नंतरच्या नमुन्याच्या रायफलीचं होतं. "हे दात दुसऱ्याच्या तोंडातले आहेत," त्या म्हणाल्या. त्यानंतर शोधायचं काम माझ्याकडे राहिलं नाही.

शेवटी टूसॉनच्या एका म्हाताऱ्याकडे त्यांना हवं ते लाकूड सापडलं. त्याला मागच्या बाजूला उभी चीर होती. काकूंनी चिरेत डिंक भरला आणि आरपार पितळेची बारीक खीळ ठोकली. मग बसवणं सुरू झालं. लाकूड लोखंडाला सगळीकडून सारखं टेकलं पाहिजे; कुठे उंचवटा राहिला तर नळी वाकड्यात दाबली जाते आणि नेम जातो. त्यासाठी त्या लोखंडाला काजळ लावायच्या, लाकूड दाबून बसवायच्या, परत काढायच्या. जिथे काळं उमटलं तेवढंच दातांच्या हत्यारानं खरवडायच्या. दाढेत सिमेंट भरल्यावर कागद ठेवून आपल्याला चावायला सांगतात ना, तेच हे काम. काकूंच्या तोंडून शब्दही तेच यायचे.

"चावा," त्या रायफलीला म्हणायच्या. "उघडा. परत चावा."

मला खरवडू दिलं नाही. माझ्याकडे तेल चोळायचं काम होतं, इंडियन ग्रोसरीतलं जवसाचं तेल, तळहातानं. गराजमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त उकडायचं. काकू म्हणायच्या, आमच्या घरी या तेलात भाजी व्हायची. काका दारातून डोकावून विचारायचे, त्या वस्तूचा स्वयंपाक झाला असेल तर आमचा होईल का.

मेच्या अखेरीस लोखंडी टोपी चढली. रायफल टेबलावर आडवी होती, बुडापासून तोंडापर्यंत लाकडात. काकूंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि काकांना हाक मारली. काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरी दिसतेय ही," ते म्हणाले. वस्तू म्हणाले नाहीत.

ऊन चढायच्या आत आम्ही तिघं वाळवंटातल्या शूटिंग रेंजवर गेलो. काका कानात कापूस घालून गाडीत बसले, कानावर वरून मफलर. अॅरिझोनात, मे महिन्यात. काकूंना टेबलावर बसून गोळी झाडायची नव्हती. कॅडेट आडवं पडून झाडतो. त्यांना जमिनीवर आडवं करायला मी आणि रेंजवर काम करणारी एक तरुण मुलगी लागलो. ती मुलगी कुठलीच सूचना न देता शेजारी उकिडवी बसली. मी मात्र खूप सूचना दिल्या. शेवटी काकू म्हणाल्या, "तू गप्प बस, मला श्वास धरायचाय."

आवाज झाला. गाडीचं दार उघडल्याचाही आवाज झाला; काका मफलरसकट धावत येत होते. काकू हलल्या नाहीत. गाल लाकडाला टेकलेला, डोळे मिटलेले. मी विचारलं, काकू, खांदा?

"मोडला नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "नाही मोडला रे."

मग त्यांनी बोल्ट मागे ओढून पुढची गोळी चढवली. काका तिथेच वाळूत मांडी घालून बसले आणि त्यांनी कानातला कापूस काढला. उरलेल्या सगळ्या गोळ्या त्यांनी उघड्या कानांनी ऐकल्या.

नंतर मीही झाडली. माझी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. पण काकांना आता जिने झेपेनात, म्हणून पावसाळ्यानंतर दोघं लेकीकडे जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहायला गेले. लेकीच्या घरात लहान मुलं, रायफल तिथे नेता येणार नव्हती. मी माझ्या गराजमध्ये रायफलीसाठी जागा करून ठेवली. कपाट आणलं, कुलूप आणलं. आता त्यांच्या गराजमध्ये नव्या बिऱ्हाडाची ट्रेडमिल आहे. मी फिरायला जाताना तिथे उगाच थांबतो. जवसाचा वास येत नाही.

रायफल त्यांनी रेंजवरच्या त्या मुलीला दिली.

मी काही मनाला लावून घेतलं नाही. फक्त फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, काकांची तब्येत विचारली, आणि सहज म्हणालो की ज्यानं त्या रायफलीचं मुंडण केलं त्या रानटी माणसाच्या हातून सुटून ती निदान चांगल्या माणसाकडे जायला हवी होती.

 काकू म्हणाल्या, "तो रानटी नसणार रे. अगदी मदत करणारा, हौशी, कुणाला न विचारता कामाला लागणारा असणार. मी इतकी वर्षं त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणते ना, तो तुझाच येतो."