आमेन कुणी म्हणायचं

मी येळ्ळूरची. आमच्या घरची रीत अशी की देवापुढं घंटा वाजवायची, कपाळाला अंगारा लावायचा आणि कामाला लागायचं. देवाशी गप्पा मारत बसायला वेळ होता कुणाला? त्यामुळे निपाणीजवळच्या एका ख्रिस्ती बालगृहात मुलं सांभाळायची नोकरी धरली, तेव्हा मला सगळ्यात जड गेली ती जेवणाआधीची प्रार्थना. समोर गरम आमटी, पोटात कावळे, आणि एक मूल डोळे मिटून देवाशी सावकाश बोलतंय. बाकीची पंचवीस मुलं थांबलेली, आणि मीही.

प्रार्थनेची पाळी रोज एकाची असायची. कुणाची लांबली की मागून कुणीतरी बारीक आवाजात 'आमेन' म्हणून टाकायचं आणि सगळे ताटावर तुटून पडायचे. ज्याची प्रार्थना अर्धी राहिली ते मूल भोकाड पसरायचं. एकदा तर यावरून मारामारी झाली आणि आमटीचं पातेलं आडवं झालं. माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथं नियम काढला: सुरू करील त्यानंच आमेन म्हणायचं, दुसऱ्याचं धरलं जाणार नाही, आणि तोवर सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात मांडीवर. आमच्या मॅडम, म्हणजे बालगृहाच्या प्रमुख, पूर्वी कन्नड शाळेत शिकवायच्या. शिस्त म्हटलं की त्यांना मूठभर मांस चढतं. त्यांनी तो नियम जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून टाकला.

मुलं माझ्यापेक्षा हुशार निघाली. अंडी असली की प्रार्थना एवढीच: "देवा, अंडी आल्यात. आमेन." दोडका असला की मात्र सगळ्या जगाचं भलं चिंतून व्हायचं, कारण भाजी पार गार झाली की आक्का ती खायची जबरदस्ती करत नाही हे त्यांना ठाऊक झालं होतं. आक्का म्हणजे मी.

त्यांच्यात एक आठ वर्षांची मुलगी होती. बापाचा पत्ता नव्हता, आई वारल्यावर, वयाच्या चौथ्या वर्षी ती आमच्याकडं आली. तिची खाट माझ्या खाटेला लागून. दात घासतानासुद्धा तिचं तोंड बंद नसायचं. मला एकदा म्हणाली, "आक्का, तुमचा आवाज लई मोठा हाय. देव दचकत आसंल." दुसरं कुणी असतं तर मी कान उपटला असता.

मागच्या वर्षी तिच्या मावशीनं अर्ज केला. मावशी चिकोडीकडच्या एका खेड्यात बिड्या वळते. इतकी वर्षं नवरा नको म्हणत होता, आता तोच आण म्हणाला. चौकशी झाली, घर चांगलं निघालं, आणि पोरीला मावशीच्या ताब्यात द्यावं असा हुकूम आला. मूल आपल्या माणसांत वाढलेलं बरं, हे मला समजतं. समजलं म्हणून पटतं असं थोडंच आहे? पोरीनं ऐकलं आणि म्हणाली, "मी न्हाय जाणार." मी तिला मावशी किती चांगली आहे ते सांगत बसले, पण माझं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी मावशी आणि सरकारी साहेब आले. साहेबांना दोनला चिकोडीत मीटिंग होती. सह्या करू आणि निघू, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, आधी जेवण, मग सह्या. बालगृह सोडून जाणाऱ्या मुलानं त्या दिवशी प्रार्थना करायची अशी आमच्याकडं पद्धत आहे, म्हणून पोरगी उभी राहिली. साहेबांनी फळा वाचला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"देवा, आमच्या शाळेला आशीर्वाद दे. शाळेच्या घंटेला दे. घंटा वाजवणाऱ्या मामांना दे. बोअरच्या मोटारीला दे, ती सारखी जळती. वायरमनला दे."

मग तिनं पंचवीस मुलं एकेक करून घेतली, ज्याच्या त्याच्या खोकल्या-खरजेसकट. मग दूधवाला, त्याची मोटरसायकल, गॅसची टाकी. मग साहेबांची जीप. "तिच्या चारी चाकांना दे. मागं एक जादा चाक हाय, त्याला बी दे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमेन नाही तर जेवण नाही, जेवण नाही तर सही नाही, आणि सही नाही तर जाणं नाही. नियम माझाच होता. मॅडम खोकल्या. ते खोकणं माझ्यासाठी होतं, पोरीला आवर म्हणून. मी ऐकलं नाही. खरं सांगते, ती प्रार्थना दिवस मावळेपर्यंत चालावी असं मला वाटत होतं.

साहेबांचा फोन वाजला. वाजून वाजून थांबला, परत वाजला. त्यांनी डोळे न उघडता हळूच कानडीत विचारलं, "मुगीता?" संपली का म्हणून. पंगतीतून कुठलंसं पोर तितक्याच हळू म्हणालं, "इन्नू इल्ला, सर." अजून नाही. साहेबांनी सुस्कारा सोडला.

शेवटी पोरीकडचं मागायचं सामान संपलं. मी एक डोळा उघडला. तिचाही एक उघडा होता आणि ती मावशीकडं बघत होती. मावशी डोक्यावर पदर घेऊन, डोळे गच्च मिटून बसलेली.

"तुमच्यात कोण कोण हाय?" पोरीनं विचारलं.

मावशीनं डोळे मिटूनच सांगितलं, "काका हाईत. एक म्हस हाय."

"दूध देती?"

"न्हाय गं, आटलीया."

"देवा, म्हशीला दूध दे. आणि?"

"कोंबड्या चार. पाच व्हत्या, एक मांजरानं नेली."

"देवा, चार कोंबड्यांना आशीर्वाद दे. मांजराला देऊ नगंस. आणि?"

"घर गळतंय जरा."

"देवा, गळती काढ. आणि?"

मावशीनं पदर आणखी पुढं ओढला. मग म्हणाली, "आणि तुझ्या आईचा फोटो हाय."

आमच्या फायलीत तिच्या आईचा फोटो नव्हता. पोरीनं एकदोनदा विचारलं होतं आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती.

"कसली दिसती?"

"तुझ्यागत. कपाळ मोठं. हसताना त्वांडावर हात धरती."

मग पोरीनं दोन्ही डोळे नीट मिटले आणि म्हणाली, "आमेन."

सगळे गारढोण भातावर तुटून पडले, साहेब सगळ्यात आधी. सह्या झाल्या. मी तिची पिशवी भरायला घेतली आणि मला राग आला. रडू येण्याऐवजी मला नेहमी रागच येतो. मोटारीसाठी मागितलं, जीपच्या जादा चाकासाठी मागितलं, मांजराला वगळायचं ध्यानात राहिलं, आणि चार वर्षं जिनं वेण्या घातल्या तिचं नावसुद्धा नाही? मोठ्या बाईनं असलं विचारू नये. मी विचारलं.

"माझ्यासाठी काय न्हाय मागितलंस गं?"

ती चप्पल घालत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचं ठिवलंय. तिकडं रोज जेवताना म्हणाय मला कायतर पायजे की."

मी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.