नाग नदीच्या काठाने सुमनच्या घरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या सासूने प्यायला दिलेलं पाणी मी तिच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पायांवर ओतलं आणि पिशवीतली विकतची बाटली काढून तोंडाला लावली. त्यांच्या नव्या घराची वास्तुपूजा होती, ओसरीत पाहुणे बसले होते. पाण्याला वास होता हे खरं; पण तांब्या गुपचूप बाजूला ठेवता आला असता. त्यानंतर कित्येक वर्षं सुमन दिवाळीला माहेरी आली नाही आणि मीही भाऊबीजेला तिच्याकडे गेलो नाही. यंदा गेलो.

सुमनचं गाव नागपूरच्या पूर्वेला, नाग नदी कन्हानला मिळते त्याच्या थोडं अलीकडे आहे. शहरातल्या नंदनवन भागातल्या माझ्या घरून मोटारसायकलने सरळ गेलो असतो तर सकाळीच पोचलो असतो. धीर होत नव्हता. म्हणून गाडी उलट्या दिशेला, शहराच्या पश्चिमेला, वाडीच्या पुढे लाव्हा गावाच्या टेकड्यांकडे वळवली. नदी निघते तिथून तिच्यासोबत जायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं तर वेळ काढत होतो.

टेकडीवर नदी दिसली नाही. काळा खडक, पिवळं पडू लागलेलं गवत आणि मुरमात पावसाने पाडलेल्या चिंचोळ्या घळी. बकऱ्या चारणाऱ्या एका बाईने हटकलं.

"काय शोधून राहिले जी?"

"नदीचा उगम."

"काहून (का)? हरपला काय?"

हसून तिने काठीने खाली दाखवलं. घळी एकमेकींना मिळत होत्या आणि मिळतील तशा खोल होत होत्या. उतारावरचं पाणी कापत जातं. माती, मुरूम, जे सुटेल ते सोबत नेतं. पायथ्याच्या ओहळात तळचे गोटे दिसत होते. ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. त्याला मातीचा वास होता, दुसरा कुठला नाही.

अंबाझरीला बांध घालून हे पाणी अडवलं आहे. तलावाजवळ तर्री-पोहे खाल्ले, वर मूठभर सांभार (कोथिंबीर). तिथून नदी शहरात शिरते आणि दोन भिंतींमधून मुकाट जाते; वळायला तिला जागाच नाही. घरांची तोंडं रस्त्याकडे, पाठी नदीकडे, आणि पाठींतून पाईप बाहेर आलेले. नंदनवनच्या पुलावर थांबलो. आमच्या गल्लीची नाली नदीत पडते ती जागा तिथून स्पष्ट दिसते. हिंगण्याला कामावर जाताना कंपनीच्या बसची खिडकी मी या पुलावर वासामुळे न चुकता बंद करतो. सुमनच्या घरच्या तांब्यात हाच वास होता.

शहर संपलं तसा उतारही संपला. सपाट मुलखात नदी सैलावते, वळणं घेऊ लागते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ उभा तुटलेला, बाभळींची मुळं उघडी. आतल्या बाजूला गाळाची काळी, सपाट जमीन. सुमनचं गाव दिसू लागलं आणि रपट्यावरच्या (नदीतल्या बसक्या पुलावरच्या) गाळात चाक घसरून मी गाडीसकट आडवा झालो. शेजारच्या वावरातून धावत आला तो सुमनचा नवरा, वसंता.

"दादा! पाहून चाला ना जी. तुमच्याच शहराचा गाळ हाय, त्यानंबी ओळख नाही ठेवली!"

गाडी उभी करून त्याने वावर दाखवलं. वांगी होती, सांभार होता. "नदी पल्याडच्याचं कापते अन् मले आणून टाकते. सांभार झकास येते. सगळा नागपूरले जाते." सकाळचे पोहे आठवले.

तिथल्या उंचवट्यावरून संगम दिसतो. कन्हान रुंद, वाळूची. नागाचं काळं पाणी बरंच अंतर तिच्या कडेकडेने वेगळं वाहतं. मग ती रेघ पुसट होते आणि कन्हानचा रंग मळतो.

घरी ओसरीत सुमनची सासू खाटेवर बसली होती. नजर अधू झालेली.

"कोन आला वं, सुमन?"

"माझा दादा."

"थो बाटलीवाला?"

वसंता उगाच खोकला. सुमनने आतून सीलबंद बाटली आणून माझ्यापुढे ठेवली.

"मले तांब्यातलं दे," मी म्हणालो.

"नको. आता आम्ही बी नाही पीत ते. भांडे घासाले घेतो फक्त."

सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायचं आणि न बोलता मोकळं व्हायचं, असं मी ठरवून आलो होतो. ते जमलं नाही. सुमनने ओवाळलं, मी साडी दिली. भाकर आणि वांग्याची भाजी जेवलो, कापसाच्या भावावर बोललो, आणि उन्हं कलताना निघालो.

रपट्यावर माझ्या पडण्याची खूण गाळात तशीच होती. वरचा माणूस पाणी सोडून मोकळा होतो, खालच्याला त्यातच घर करावं लागतं. हे दिवसभर पाहून मीही तसाच मोकळा होऊन निघालो होतो. गाडी वळवली.

"काहून गा, काही राहिलं काय?" सासूने गाडीच्या आवाजावरून ओळखलं. सुमन दारात आली.

"राहिलं, मावशी. तुम्ही पाणी दिलं अन् मी चारचौघांत पायावर ओतलं. घाण आमच्या घरून आली होती, अन् लाज तुम्हाले आणली. सुमन, तुले इतके वर्षं ऐकून घ्या लागलं, ते बी माझ्यापायी. चुकलो मी. मले माफ करा."