मंडळाने आणलेली शाल

मंडळाने आणलेली शाल आज मी बाबांच्या अंगावर घालू दिली नाही.

हो, मीच. आईने नाही, दादाने नाही. मंडळाच्या या ग्रुपवर जे काही चाललंय ते माझ्या नावाने चालू द्या.

बाबा आज सकाळी गेले. इथे दिल्लीत, द्वारकाच्या घरीच, चहा मागून. चहा येईपर्यंतही थांबले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा वीजखात्यात इंजिनियर. आमचं लहानपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं. मग द्वारकात सोसायट्या उभ्या राहिल्या, आम्हीही फ्लॅट घेतला, मेट्रो आली. आणि घर लावून होतंय तोवर बाबांना अफगाणिस्तानात पाठवलं.

युद्धाने तिथे विजेच्या तारासुद्धा शिल्लक ठेवल्या नव्हत्या. भारताच्या मदतीतून डोंगरावरून काबूलकडे नवी लाइन टाकायची होती.

तिथे बाबांच्या जोडीला हमीद होता. तिकडचाच इंजिनियर, बाबांपेक्षा बराच लहान. हिंदी शिकला होता टीव्हीवरच्या सीरियल बघून, त्यामुळे कधी कधी सासूसारखा बोलायचा.

बाबा पक्के शाकाहारी. हमीदची आई दर शुक्रवारी त्यांना जेवायला बोलवायची, बटाटा भरलेल्या पातळ रोट्या करायची. बाबांसाठी तवासुद्धा वेगळा ठेवला होता.

"अगं, तुझ्यापेक्षा पातळ लाटतात त्या," असं बाबा फोनवर आईला म्हणाले. पुढचा फोन आईने उचलला नाही.

एकदा साइटवरून येताना गाडी बर्फात अडकली. हमीदने स्वतःच्या खांद्यावरची जाड लोकरी चादर काढून बाबांना गुंडाळली.

"आप मेहमान हैं, इंजिनियर साहब."

ती चादर त्याने परत घेतलीच नाही. बाबांनी ती दिल्लीला आणली.

बाबा परत आले त्या वर्षी मंडळाने गणपतीत त्यांचा सत्कार ठरवला. हमीद तेव्हा दिल्लीतच होता. स्वतःच्या आईच्या उपचारासाठी आला होता, लाजपत नगरला खोली घेऊन. बाबांनी त्याला सत्काराला बोलावलं.

बॉम्बस्फोटांच्या भीतीने त्या दिवसांत दिल्लीत जिकडेतिकडे चेकिंग. बाबांनी कमिटीला सांगितलं, "ऑफिसचे एक गेस्ट येतील." कोण, कुठले, काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार प्रश्न आले असते.

हमीद त्या दिवशी आलाच नाही, असंच आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

मागच्या महिन्यात मंडळाला स्मरणिकेसाठी सत्काराचा फोटो हवा होता. मी बाबांना विचारलं.

"तो फोटो देऊ नकोस."

"का? छान आलाय की."

"मी त्यात हसतोय."

मग त्यांनी सांगितलं. हमीद आला होता. शेवटच्या रांगेत बसला होता. स्टेजवरून बाबांना सगळं दिसत होतं.

अध्यक्ष माइकवर बोलत होते, आपल्या देशाने काबूलच्या घराघरात उजेड नेला. आणि मागे आपलेच दोन कार्यकर्ते हमीदकडे पासपोर्ट मागत होते. मग गेटवरचे पोलीस आत आले. त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

जाताना त्याने एकदा स्टेजकडे पाहिलं.

"आणि तुम्ही उतरला नाहीत?"

"शाल घालत होते गं. मध्येच कसं उतरायचं? बरं दिसलं नसतं."

बरं दिसलं नसतं!

मला बाबांचा राग आला. आणि पुढच्याच क्षणी कळलं की मीही तिथे उभीच राहिले असते. आपल्या घरात आपल्याला हेच तर शिकवलंय.

कागद ठीक होते, पोलिसांनी सोडलं त्याला. बाबा नारळ हातात घेऊन गेटवर पोचले तोवर तो ऑटोने निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा लाजपत नगरला गेले. हमीदने दार उघडलं, चहा दिला, बदाम पुढे केले. त्याच्या आईच्या रिपोर्टबद्दल बोलणं झालं. आदल्या दिवसाबद्दल तो काही बोलला नाही. बाबाही नाही. माफीचा शब्द घेऊन गेले होते, तो तसाच परत घेऊन आले.

मी त्या हॉलमध्ये होते. पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवत.

तो फोटो मी इथे कितीदा टाकलाय, "प्राउड डॉटर" लिहून. तुम्हीही भरभरून लाइक केलेत.

आज लाज वाटते. बाबांची, माझी, आपल्या सगळ्यांची. एक अख्खा देश उभारून दिल्याच्या गप्पा मारत होतो आपण, आणि त्या देशातल्या एका माणसाला तासभर खुर्ची देता आली नाही आपल्याला.

मंडळाची ती पहिली शाल कपाटात प्लॅस्टिकसकट तशीच आहे. बाबांनी कधी उघडली नाही.

हमीदची चादर मात्र दर थंडीत पांघरायचे. त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "ती त्याला परत पाठवायची. मला ठेवायचा हक्क नाही. मी फोन करतो त्याला."

रोज म्हणायचे, करतो. केला नाही.

आज मंडळाची मंडळी नवी शाल घेऊन आली. आई माझ्याकडे बघत राहिली. मी आतल्या खोलीत जाऊन बाबांच्या मोबाइलवरून हमीदला फोन लावला. तो आता जर्मनीत असतो.

बाबा गेले, हे सांगितलं. मग मी बाकीचं सांगून टाकलं. त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं. त्यांना फार लाज वाटत होती. तुमची चादर परत करायची आहे, पत्ता द्या.

"मुझे पता है बहन, उन्होंने देखा था."

मला रडू आवरेना.

"दिल्ली में अभी ठंड होगी?" त्याने विचारलं.

"हाँ. बहुत."

"तो उढ़ा दो उन्हें."

मी बाहेर येऊन ती चादर बाबांना घातली. जुनी आहे, एका कोपऱ्याला उसवली आहे. कुणीतरी म्हणालं, बरं दिसत नाही.

नसू दे.

बाबा, तुमचा राहिलेला फोन मी केला.

या आता.