बिजागरीला मारलेला टाका

आमच्या गावच्या घराचं गेट मी दोनदा मोडलं. पहिल्यांदा गाडी मागे घेताना आणि दुसऱ्यांदा दुरुस्त करताना.

घर उमरठला. गेट दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, स्वतःच्या हाताने बनवलेलं. दोन वर्षांपूर्वी त्याला दुबईला जहाजं दुरुस्त करायचं काम मिळालं. तेव्हापासून त्याचं पोलादपूरचं दुकान बंद, आणि तारेचं वेल्डिंग मशीन घरच्या पडवीत गोणपाट पांघरून बसलेलं. घरी वहिनी एकट्या. मी महाडला शाळेत विज्ञान शिकवतो आणि रविवारी जाऊन वहिनींना मदत करतो. (त्या याला 'मदत' म्हणत नाहीत. पण तोंडावर बोलतही नाहीत.)

शिमगा पंधरा दिवसांवर आला होता. दादाने फोनवर सांगितलं, "साहेब सुट्टी देत नाय. या खेपेला बी पालखीचं तुम्हीच बघा." वहिनींनी सारवलेलं अंगण पुन्हा सारवलं. ते वाळल्यावर त्याच अंगणातून गाडी काढताना मी गेटची खालची बिजागरी तोडली. शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी आत यायची ती याच गेटातून.

"पोलादपूरहून कुणाला तरी बोलावते," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? मशीन घरात, विज्ञानाचा मास्तर घरात."

मी गेट बंद करून सुतळीने बांधलं, दादाचा चामडी एप्रन चढवला, डोक्यावर त्याचं वेल्डिंगचं हेल्मेट घातलं आणि फोन कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकवून दादाला व्हिडिओ कॉल लावला. मशीन सुरू केलं. ठिणगी म्हणून पडेना.

"अर्थिंगचा चिमटा कुठं लावलास?"

"गेटला."

"रंगावर? आधी रंग खरवड. रंगातून करंट जातो व्हय रे? मास्तर ना तू?"

रंग खरवडला. ठिणगी पडली, पण टाका आला तो अनारशासारखा जाळीदार.

"गॅसची टाकी उघडलीस?"

नव्हती उघडली.

आता राहिली मशीनवरची दोन बटणं. एक व्होल्टेजचं, दुसरं तार किती वेगाने बाहेर यावी त्याचं. मी व्होल्टेज कमी ठेवून तार जोरात सोडली, तर ती वितळायच्या ऐवजी लोखंडाला टोचू लागली आणि माझाच हात मागे ढकलू लागली. मग उलट केलं. तार बाहेर पडायच्या आधीच वितळून मशीनच्या तोंडाला चिकटली. ते तोंड बदललं, तर ठिणग्यांनी माझ्या चपलेला सहा भोकं पाडली. (एक मोज्यालाही. मोजा घालून चप्पल घालणारा माणूस वेल्डिंगला बसू नये, असं दादाचं मत पडलं.)

"दादा, आकडा किती ठेवू?"

"आकडा बघू नको. आवाज ऐक. तापल्या तेलात भजी सोडल्यावर येतो ना, तसा. एकसारखा."

मी एक बटण केसभर वर केलं, दुसरं केसभर खाली. असं दहा-बारा वेळा. आणि एकदम तो आवाज आला. चर्र... अखंड. मी दादाच्या दुकानात लहानपणापासून ऐकलेला.

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "कवा आलात? फोन तरी करायचा व्हता."

असा आवाज मी त्यांच्या तोंडून वीस वर्षांत ऐकला नव्हता. मी हेल्मेट वर केलं. वहिनींचे दोन्ही हात पिठाचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आवाज तसाच आला, भावजी," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

गडग्यावरच्या फोनमधून दादाचा आवाज आला.

"काय म्हणली ती?"

"ऐकलंस ना तू."

"हां." मग लगेच म्हणाला, "चल, गेट उघडून दाखव."

गेट हललं नाही. आवाज जमल्याच्या आनंदात मी बिजागरी इतकी भरली होती की आतली पिन आणि बाहेरची नळी एकजीव झाली होती. (मजबुतीसाठी वरचीही भरली होती.) मी लाथ मारली. भिंत हलली, गेट नाही.

दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. निदान सुरुवात तरी हसण्याने झाली.

"ऱ्हाऊ दे. हात लावू नको. मीच बघतो."

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबाला सांगितलं की गावाकडे देव गेटबाहेर अडलाय. साहेब परमुलखातला, त्याला पालखी काय माहीत? पण देवाला अडवायचं पाप त्यालाही नको होतं. त्याने दहा दिवसांची सुट्टी दिली.

दादा वीर स्टेशनवर उतरला, रिक्षाने घरी आला, आधी बॅग आत टाकली आणि मग स्वतः गेटवरून चढून आला. अर्ध्या तासात त्याने बिजागऱ्या कापून नव्या लावल्या. तेवढा वेळ वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी नंतर पाहिलं, त्या तांदळात मुळातच एक खडा नव्हता. पालखी थेट अंगणात आली.

जाताना दादाने मला बजावलं, "मशीनला हात लावू नको." तो परत गेला त्याला आता सहा महिने होतील. मी मशीनकडे बघितलेलंही नाही.

काल वहिनींचा फोन आला. "भावजी, मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते जरा. मशीन पुसून ठेवलंय. रविवारी येऊन तुम्हीच दुरुस्त कराल का?"

माझ्या कामावर इतका भरवसा आजवर कुणी दाखवला नव्हता.