सुलतानाची जाळी आणि राहिलेले दोन पॅड

“त्या जाळीमागे सुलतान बसायचा,” ओरहान बे वर बोट दाखवत म्हणाले. “कधी बसायचा, कधी नाही. खालच्या वजिरांना ते कळत नसे.”

इस्तंबूलच्या जुन्या राजवाड्यात आम्ही तिघे उभे होतो. आता तिथे संग्रहालय आहे. ओरहान बे (‘बे’ म्हणजे तिकडचे ‘साहेब’) आमच्या ग्राहक कंपनीचे इंजिनियर. कुलकर्णी साहेब माझे वरिष्ठ. आणि मी, भोपाळच्या एका सरकारी कारखान्यातला तपासनीस. बैठक दुपारी होती, म्हणून ओरहान बे सकाळी आम्हाला राजवाडा दाखवायला घेऊन आले होते. शाही स्वयंपाकघरातली चिनी भांडी आणि निळ्या फरशांच्या भिंती पाहून आम्ही वजिरांच्या सभेच्या दालनात आलो होतो. भिंतींना लागून गाद्यांची बैठक, आणि मुख्य वजिराच्या डोक्यावर ती जाळीची लहानशी खिडकी.

भोपाळच्या माणसाला जाळीचे नवल वाटू नये. आमच्याकडे बेगमांनी पडद्याआडून राज्य चालवले आहे. तरीही माझे पाय तिथून हलेनात.

कारण तीन दिवसांपूर्वी भोपाळच्या गोविंदपुऱ्यात घडले होते. ओरहान बेंच्या जलविद्युत केंद्रासाठी बेअरिंगचे बारा पॅड आम्ही तिथल्या एका छोट्या कारखान्याकडून करून घेत होतो. पॅड म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यावर व्हाइट मेटल नावाच्या मऊ धातूचा थर. जनित्राचा अवजड दांडा या थराच्या आधाराने फिरतो. थर पोलादाला नीट चिकटलेला नसेल तर तो एक दिवस उखडतो, बेअरिंग जळते आणि केंद्र बंद पडते. म्हणून अल्ट्रासॉनिक टेस्ट करतात. पॅडमध्ये ध्वनिलहर सोडायची. थर सुटा असेल तिथून ती लवकर परत फिरते आणि स्क्रीनवर दिसते.

त्या दिवशी मी दहा पॅड तपासले. उरलेले दोन अजून मशीनवर तयार होत होते. पाच वाजले होते. पिपलानीतल्या माझ्या क्वार्टरवरून बॅग उचलून मला दिल्लीची गाडी गाठायची होती.

“साहब, दो रह गए हैं,” तिथले वयस्कर फोरमन मुन्नालालजी म्हणाले.

“दस ठीक निकले हैं, वो भी ठीक ही होंगे,” मी म्हणालो, आणि बाराही पॅडच्या रिपोर्टवर सही केली.

असे पहिल्यांदाच केले, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ती पहिली वेळ नव्हती. आधीच्या वेळी माल चांगला निघाला होता, इतकेच.

“चला हो जोगळेकर, पुढे खजिना आहे,” कुलकर्णी साहेबांनी हाक मारली.

“साहेब, थोडे सांगायचे होते. पॅडविषयी. मी बारा तपासले नाहीत. दहाच तपासले.”

“आणि सही?”

“बाराची.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ट्रक कधी सुटतोय?”

“आज चारला.”

“भोपाळमध्ये आत्ता किती वाजलेत?”

“दीड.”

“मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? वानखेड्यांना फोन लावा!”

वानखेडे माझे सहकारी, मूळचे नागपूरचे. बाहेर चौकात येऊन मी त्यांना सांगितले, “गोविंदपुऱ्याला जा. ट्रक थांबवा. शेवटचे दोन पॅड तपासा.”

“पण साहेब, त्याचा रिपोर्ट तर तुमचाच आहे ना, ओके म्हणून?”

“त्या दोन पॅडपुरता तो खोटा आहे.”

“काय बोलून राहिले साहेब तुम्ही!” मग खुर्ची सरकल्याचा आवाज. “निघतो. टेस्टचं मशीन घेऊनच निघतो.”

पुढचा दीड तास मी खजिना पाहिला. तिथे एक फार मोठा हिरा आहे, असे नंतर कुलकर्णी साहेबांनी घरी सर्वांना सांगितले. मला तो आठवत नाही.

समुद्राकडच्या सज्ज्यावर असताना फोन वाजला.

“साहेब, ट्रक थांबवायची गरजच नाही पडली,” वानखेडे म्हणाले. “मी पोचलो तर इथं भांडण सुरू! मालक म्हणे, ‘साहब का साइन है, तू कौन होता है रोकने वाला?’ आणि मुन्नालालजी म्हणे, ‘साइन बारह का है, देखे दस हैं। दो मैं नहीं चढ़ाऊँगा।’ दोन्ही पॅड त्यांनी बाजूला काढून ठेवले होते, वर खडूनं फुली मारून.”

“आणि टेस्ट?”

“अकरावा ओके. बाराव्याच्या कडेला तळहाताएवढा थर सुटा आहे, साहेब.”

मी सज्ज्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरले. भीती कमी आणि सुटका जास्त, अशी ती अवस्था होती. पॅड अजून गोविंदपुऱ्यातच होता.

दुपारच्या बैठकीत ओरहान बेंना मीच सांगितले. त्यांनी वहीत बाराव्या पॅडची नोंद केली. मग म्हणाले, “बाकीचे दहाही आमच्या माणसासमोर पुन्हा तपासा.” रागाचा सूर नव्हता. मागणी योग्यच होती.

दहाही पॅड चांगले निघाले. बाराव्याचा थर उतरवून पुन्हा ओतला आणि माल उशिरा, पण निर्दोष गेला. मला लेखी समज मिळाली आणि सहा महिने माझ्या सहीखाली वानखेड्यांची सही लागू लागली. मला ती जाचली नाही.

परतल्यावर मी मुन्नालालजींकडे माफी मागायला गेलो. त्यांनी चहा मागवला.

“महल देखा, साहब?”

“देखा।”

“अच्छा किया। मैंने सोचा, आप लौटके ये दो देख ही लोगे। इसलिए अलग रख दिए।”

तपासनीसाने कारागिराच्या कामावर लक्ष ठेवावे, असे आमच्या नियमपुस्तकात आहे. कारागिराने तपासनीसावर ठेवावे, असे त्यात कुठेही नाही. राजवाड्यात मी उगाच वर, त्या जाळीकडे पाहत होतो.