बागेचं मागचं फाटक

आमच्या दूध संस्थेत दूध कमी आणि किस्से जास्त जमा व्हायचे. दूध निदान संध्याकाळच्या टेंपोनं उमरग्याला जायचं, किस्से मात्र संस्थेतच मुक्कामाला! मी तिथं सेक्रेटरी होतो, म्हणून बरेचसे माझ्याच वाट्याला आले. त्यातले हे फाटकाचे.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं मजुरीवर पाझर तलाव खोदला, शेजारी बाग झाली. बागेला गेट एकच, तेही हायवेवर. गावाच्या बाजूला सलग भिंत! एका सकाळी कोंडाबाई दूध घालायला आल्या, आणि भांडं खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "सेक्रेटरी, त्या भिंतीत एक वाट पाडा की!"

"तुम्हाला कशाला मावशी?"

"दुष्काळी कामावर असताना म्या तिथं कडुलिंबाचं रोप लावलंय. माझ्या वाट्याच्या पाण्यातलं त्याला पाजलंय. आता हायवेनं वळसा घालायचा तर गुडघं चालंनात अन् ट्रकवाले थांबंनात. भिंतीवरनं शेंडा दिसतुय नुस्ता!"

चेअरमन नागनाथअण्णा आत चहा पीत होते. तिथूनच ओरडले, "करू की! चालणाऱ्यांना अन् सायकलवाल्यांना वाट!" आम्ही तालुक्याला अर्ज केला. परवानगी मिळाली. पैसे तुमचे तुम्ही बघा, असंही कळलं.

*

आता गावात रोकड कुठली? अण्णांनी युक्ती काढली. सोमवारचं संध्याकाळचं दूध प्रत्येकानं फाटकाला द्यायचं.

झाडून सगळ्यांनी दिलं! मी सवयीनं फॅट लावून बघितली, तर गावातल्या सगळ्या म्हशी एकदम बिघडलेल्या! अण्णा ओट्यावर उभे राहून कडाडले, "अरं, फाटक बांधायचंय, तलाव न्हाय भरायचा! पाणी कशाला देताय?"

लोक लाजले. पुढच्या सोमवारी असं दाट दूध आलं की अण्णा बघतच राहिले. मग हळूच मला म्हणाले, "सेक्रेटरी, म्हंजे रोजबी पाणीच घालीत हुते की!"

*

फाटक किती रुंद ठेवायचं, असं गवंड्यानं विचारलं. सायकल दुकानवाले रसूलभाई एक कोरी सायकल घेऊन आले. ती मधे धरून माप घेतलं, दोन्हीकडं खांब उभे केले.

सिमेंट वाळलं, आणि आमच्याच एका दूधवाल्यानं सायकल घालून बघितली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या! मधेच असा अडकला की पुढं जाईना, मागं येईना. दुधाच्या पैशानं बांधलेलं फाटक, आणि त्यात दुधाचाच विसर! सगळे रसूलभाईंवर घसरले.

रसूलभाई शांतपणे म्हणाले, "तुम सायकल मंगाये, मैं सायकल लाया. किटल्यां कायकू नै मंगाये?"

एक खांब पाडून परत बांधला. त्यात आणखी एक सोमवार गेला.

*

फाटक तयार झालं, पण अण्णांनी त्याला रिबीन लावून ठेवली. जिल्ह्याचे एक पुढारी उद्घाटनाला येणार होते. आज येतो, उद्या येतो, असं सुरू झालं. कोंडाबाई दूध घालायला आल्या की विचारायच्या, "अण्णा, आता जाऊ का?"

"मावशी, पाहुण्याचा मान असतुय. जरा दम धरा."

"दहा वरसं भिंत आडवी, आता रिबीन आडवी!" म्हणत त्या माघारी जायच्या. मला लई वाईट वाटायचं, पण अण्णांपुढं कोण बोलणार!

*

शेवटी पाहुण्यांचा दिवस उजाडला. हार, नारळ, बँड घेऊन आम्ही फाटकाबाहेर उभे. जीप काही येईना. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, कुणी आहे का?"

ड्रायव्हरला मोठ्या गेटची सवय! त्यानं पुढाऱ्यांना हायवेनं थेट बागेत नेलं होतं. पाहुणे आत, यजमान बाहेर, मधे रिबीन! मग हार बाहेरूनच गळ्यात घातला, कात्री बाहेरूनच हातात दिली. रिबीन कापली, टाळ्या पडल्या, आणि पुढारी तिथंच फाटकात उभे राहून भाषणाला लागले. "ही वाट गोरगरिबांसाठी..." माणूस भरदार, फाटक किटलीवाल्या सायकलीपुरतं. मुंगी शिरायला जागा नाही!

गर्दीतून कोंडाबाई पुढं आल्या. काखेत पाण्याची कळशी. अण्णांनी हातानंच थांबा म्हणून खुणावलं.

"लई थांबले अण्णा," त्या म्हणाल्या. मग पुढाऱ्यांकडं बघून, "सायेब, चांगलं बोलताय तुमी. पर जरा सरका, मला आत जायचंय."

पुढारी बाजूला झाले.

कोंडाबाई गुडघ्यावर हात देत देत लिंबापाशी गेल्या. कळशी बुंध्याशी रिकामी केली, ओला हात खोडावर ठेवला आणि वर बघत म्हणाल्या, "लई उंच झालास रं! वळखतुस न्हवं मला?"