बचावपटूची नजर
इथे अमेरिकेत, डीमन शहरात, आमच्या बिल्डिंगखाली गवत कापलं की त्या ओल्या वासाबरोबर मला एक गुडघा आठवतो. एमआरआय काढायच्या कामावर मी तेव्हा नवीन होतो. एक अमेरिकन फुटबॉलपटू सरावातून लंगडत थेट आमच्याकडे आला होता, मोज्यांना गवताची पाती चिकटलेली. तो बचावपटू होता आणि मोठ्या क्लबबरोबरचा त्याचा करार याच स्कॅनवर अडला होता. अर्धा तास मशीन ठकठकत राहिलं. तुटलेला लिगामेंट मला स्क्रीनवर स्पष्ट दिसत होता, पण रिपोर्ट फक्त डॉक्टरांनी सांगायचा असा नियम. तो उठून बसला आणि म्हणाला, "काय दिसलं?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील," आणि उगाच चादर सरळ करत राहिलो. त्याने मला नीट न्याहाळलं. "इतकी वर्षं मैदानावर मी हेच करत आलोय," तो हळूच म्हणाला, "बॉल कुठे जाणार ते समोरच्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं." मग मोज्यांवरची पाती एकेक काढून तळहातावर ठेवत बसला. आता पेशंट उठायच्या आधीच मी पाठ फिरवतो, आणि पाठ फिरवली की त्यांना तेही कळतं.